वर बघत राहा

१

सोमवारी मी डिचोलीला असतो. म्हापशाहून गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. बाजारात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, आतली माझी आणि बाहेरची पेशंटांची. लोक मला नसांचा डॉक्टर म्हणतात. मेंदू, नसा, स्नायू असं सगळं मी बघतो, पण त्यांच्या सोयीने नसांचा.

माझं निम्मं काम म्हणजे चांगल्या वयात आलेल्या माणसांना पोरखेळ करायला लावणं. नाकाला बोट लावा. एका रेषेत चाला. गाल फुगवा. डोळे मिटून उभे राहा. लोक लाजतात, हसतात, पण करतात. डॉक्टरने सांगितलं की माणूस काहीही करतो. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे आणि त्याचा मी कधी फारसा विचार केला नव्हता.

दोन खोल्यांच्या मधल्या दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे. समोरच्या बाकावर बसलेली माणसं काचेतून नुसत्या डागांसारखी दिसतात. वर केसांचा काळा, खाली तोंडाचा फिकट. त्या डागांवरून किती जण उरलेत ते मला कळतं. जेवायला किती उशीर होणार, हेही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी, दीड वाजला असेल, मी मान वर करून पाहिलं तर एकच डाग उरला होता. पण त्याला काळा भाग नव्हता. नुसता फिकट, लांबट. क्षणभर कळेना की आपण काय बघतोय. मग कळलं की तो गळा आहे. कोणीतरी मान पूर्ण मागे टाकून आढ्याकडे बघत बसलं होतं.

मी घंटी दाबली. आमची विनिता आत आली. नंबर घेणं, बीपी बघणं, पेशंटांना दटावणं ही सगळी कामं तीच करते.

"आता त्या शेवटच्याला पाठव," मी म्हणालो.

"डॉक्टर, भायर बसलेलो कोण ना," ती म्हणाली. "एक गावस म्हणून आयला, पण तो जिन्यार उभो आसा. केळी घेऊन आयला."

मी उठून दार उघडलं. बाक रिकामा होता. जिन्याच्या तोंडाशी पन्नाशीचा एक माणूस केळ्यांचा अर्धा घड घेऊन उभा होता.

२

त्याचं नाव यशवंत गावस. मूळचा दोडामार्गकडचा, खाणीवर ट्रक चालवायला इकडे आला आणि खाणी थांबल्या तरी नार्व्यात राहिला. आता लोकांच्या बागायतीत राबतो. श्रावणात तो बायकोला, सुलोचनाला, माझ्याकडे घेऊन आला होता.

"ती गेली, डॉक्टर," तो म्हणाला. "चवथीच्या आदल्या दिसा."

मी काहीतरी म्हणालो. अशा वेळी म्हणायची वाक्यं आमच्याकडे तयारच असतात.

"तुमका सांगूक म्हणान इल्लंय. तुमी सांगलात, तिका काय नाय म्हणान. तेच्यावरच पंधरा दिवस ती खुशीत होती. नायतर तिच्या मनात काय काय येय होता." त्याने केळी टेबलावर ठेवली. "घरची हत."

तो गेल्यावर मी तिचा कागद काढायला लावला. कागदावर माझ्या अक्षरात तीन ओळी होत्या. थकवा. विश्रांती. ताकदीची गोळी. तपासणीच्या चौकटीत काहीच नव्हतं, कारण मी तपासणी पुरी केलीच नव्हती.

झालं ते असं. ती सांगत होती की सकाळी सगळं ठीक असतं, पण संध्याकाळी पापण्या जड होतात, चपाती चावताना जबडा दमतो, आवाज नाकातून येतो. एवढं ऐकल्यावर माझ्या विषयाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा कान टवकारेल. मीही टवकारले. मायस्थेनिया नावाचा आजार आहे. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून स्नायू वापरला की दमतो आणि विसावला की परत उठतो. त्याची एक फार सोपी चाचणी आहे. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरायचा. पापणी उचलली गेली तर संशय जवळजवळ खरा.

बर्फ आम्ही समोरच्या मासळीवालीकडून आणतो, हातमोज्यात भरून. त्याला बांगड्यांचा वास येतो म्हणून पेशंट नाक मुरडतात. पण तो श्रावणी सोमवार होता. आमच्या डिचोलीत श्रावणी सोमवारी मासळी कोण घेणार? मासळीवालीची जागा मोकळी होती. पूर्वी मी मंगळवारी यायचो. माझ्याच सोयीसाठी वार बदलला होता.

मग मी दुसरी चाचणी घेतली. तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "वर आढ्याकडे बघत राहा. मी सांगेपर्यंत मान खाली करायची नाही." दोन मिनिटांत पापण्या खाली यायला लागल्या की झालं.

अर्ध्या मिनिटात माझा फोन वाजला. धाकटा भाऊ प्रशांत. घरचा गणपती यंदा दीड दिवसाचा ठेवायचा की पाच दिवसांचा, यावरून घरात भांडण पेटलं होतं. मी गॅलरीत गेलो. चांगली वीस-पंचवीस मिनिटं मी तिथे उभा राहून दीड दिवसाची बाजू मांडत होतो.

तेवढ्यात विनिताने, तपासून झालं असं समजून, सुलोचनाला बाहेर बाकावर बसवलं आणि पुढचा पेशंट आत घेतला. मी परत आलो तेव्हा दार उघडं होतं. ती बाकावर बसली होती, मान मागे टाकलेली, तोंड आढ्याकडे आणि दोन्ही डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलीय.

झोपली नव्हती. सांगितलं तेच करत होती. पापण्या पडल्या, तरी मान तिने खाली घेतली नाही. आजार माझ्यासमोर दहा फुटांवर बसला होता आणि मी, तोवर वर आलेल्या यशवंतला कागद देऊन म्हणालो, "काही नाही. थकवा आहे." बाहेर गर्दी होती आणि मला भूक लागली होती. याहून मोठं कारण असतं तर मला आज जरा बरं वाटलं असतं.

३

पुढच्या सोमवारी माझ्याकडे अकरा पेशंट होते. कोणाला फेफरं, कोणाच्या पायाला मुंग्या, कोणाचं तोंड वाकडं. त्यातल्या पाच जणांनी जाता जाता मानेला हात लावून म्हटलं, "आणि डॉक्टर, आताच जरा मान अवघडली."

पहिल्या दोघांचं मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "कधीपासून?" ती बाई म्हणाली, भायर बसल्यापासून.

दुपारी मी विनिताला विचारलं की ते पाचही जण कुठे बसले होते. तिला विचारायची गरजही नव्हती असं तिने तोंड केलं.

"भिंतीकडच्या कोनाक," ती म्हणाली. "थंय बसलं की सगळे वयर बघतत. माका वाटलां आढ्याक गळती लागली. मी स्टूल घेऊन चढून बघलां. काय ना, डॉक्टर. पांढरो रंग."

मी तिला म्हणालो की बाकाची पाठ तिथे मागे कललेली असणार, शरीर आपोआप मागे झुकतं. सुतार बोलावला. सुतार म्हणाला बाक सरळ आहे, ओळंब्यात. मी त्याला म्हणालो तरीही बाक हलव. बाक समोरच्या भिंतीला गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी तीन माणसांनी मानेची तक्रार केली आणि तिघंही भिंतीकडच्या कोपऱ्यात, आता बाक नव्हता तिथे, उभी होती.

मी स्वतःलाही तपासलं. हसू नका, आम्ही करतो. काचेत डाग दिसणं, डोळ्याच्या कडेला माणूस दिसणं याला आमच्याकडे चांगली अर्धा डझन कारणं आहेत आणि मन खात असलं की सातवं कारण असतं. मी झोपेची गोळी घेतली. साखर बघून घेतली. पण पेशंटांच्या माना दुखण्याला माझी साखर कशी जबाबदार, हे मला स्वतःला पटवता येईना.

काचेकडे पाठ होईल अशी मी माझी खुर्ची फिरवून घेतली.

४

दिवाळीनंतर यशवंत पुन्हा आला, या वेळी पेशंट म्हणून. मी त्याला ओळखलं नाही. गालाची हाडं वर आली होती आणि पँट सुतळीने बांधली होती.

"माका गिळूक जमणा नाय," तो म्हणाला. "घास तोंडात फिरता. पाणीसुद्धा. गळ्याकडे येता नि थंयच ऱ्हवता. दिसभरात चार घोट कसेबशे जातत."

मी त्याला मनापासून तपासलं. गेल्या कित्येक वर्षांत कोणाला तपासलं नसेल इतक्या काळजीने. जीभ, टाळू, घशाची हालचाल, हातापायांची ताकद. म्हापशाला नेऊन दुर्बिणीने घसा बघायला लावला, मेंदूचा फोटो काढायला लावला, नसांना करंट देऊन बघितलं. सगळं व्यवस्थित. घसा उत्तम होता. फक्त तो गिळत नव्हता.

सगळे रिपोर्ट टेबलावर पसरून मी त्याला विचारलं, "सुलोचना गेली त्या दिवशी काय झालं होतं?"

मग त्याने सांगितलं. संध्याकाळ होती. तिला चावायला होत नव्हतं, म्हणून त्याने पेज केली. ती नको म्हणत होती. तो चिडला.

"मी म्हटलंय, डॉक्टरांनी सांगलानी, तुका काय नाय. उगीच सोंगा करू नको. माझ्या हातान भरवलंय. दोन चमचे गेले. तिसरो अडाकलो." त्याने स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "गाडी मिळाली, पण वाटेतच. माझ्या ह्या हातान, डॉक्टर."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तुझ्या हाताने नाही, माझ्या. तिला आजार होता, त्याला गोळी होती, ती मी दिली नाही. हे वाक्य मी मनात तयार केलंसुद्धा. मग मला बाहेरचे पेशंट दिसले, विनिता दिसली, म्हापशातली माझ्या नावाची पाटी दिसली. मी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली आणि पातळ आहार लिहिला. त्याने चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि मला नमस्कार केला.

त्या नमस्काराची लाज मला अजून वाटते.

५

मार्गशीर्षात त्याचं वजन एकेचाळीस किलो भरलं. आता त्याला नळीने अन्न द्यावं लागेल असं मी म्हणालो. तो नको म्हणाला. का नको ते त्याने सांगितलं नाही, पण ते मला कळत होतं. हा माणूस स्वतःला शिक्षा देत होता आणि गुन्हा माझा होता. अजून दोन-तीन आठवडे मी गप्प राहिलो असतो तर माझ्या खात्यावर दोघं जमा झाली असती.

तेव्हा मी बोललो, पण अर्धंच.

"यशवंत, ऐक. सुलोचनाला स्नायूंचा एक आजार होता. त्यात घास अडकतो, श्वास दमतो. पेजेने ती गेली नाही. तू भरवलं नसतंस तरी तिला त्रास झालाच असता."

"तुमका कधी कळला?"

"नंतर," मी म्हणालो. "कागद बघताना."

त्याने मान हलवली. मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्याने एक घोट तोंडात घेतला, मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो, आणि गळा हलला नाही. पाणी त्याने हळूच परत पेल्यात सोडलं. अर्ध्या खऱ्याने काही उतरत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

"तिका आजारच होतो तर," तो म्हणाला. "मगे तो तिका सांगा."

"कोणाला?"

"सुलोचनाक." तो चिडला नव्हता की रडतही नव्हता. घरात गॅस संपलाय असं सांगावं तसं सांगत होता. "ती घराकडेच आसा. सांच्याक बसता रांदचे खोलीत. मान वयर करून. मी किती सांगतंय, पुरे आता, मान दुखात. आयकणा नाय. म्हणता, डॉक्टर सांगतले तेवा."

मी त्याला 'मी सांगेपर्यंत' हे शब्द कधीच सांगितले नव्हते. तपासणीच्या वेळी तो खाली औषधाच्या दुकानात होता. तिने घरी जाऊन सांगितले असतील, असं मी लगेच स्वतःला समजावलं. तसंच झालं असणार.

माझ्या पाठीमागे दुधी काच होती. मी वळून बघितलं नाही.

६

त्याच दिवशी चार वाजता मी दवाखाना बंद केला आणि त्याला गाडीत घालून नार्व्याला निघालो. डॉक्टर म्हणून मला हे ठाऊक आहे की असल्या समजुतीला दुजोरा द्यायचा नसतो. पण तो उपाशी मरत होता, आणि बाकी सगळे उपाय माझे लिहून झाले होते. शिवाय खरं सांगायचं तर मला तिथे जाऊन रिकामी खोली बघायची होती. रिकामी खोली दिसली असती तर मी म्हापशाला परत जाऊन सुखाने जेवलो असतो.

घर नदीकडच्या अंगाला होतं. स्लॅबचं, दोन खोल्या, मागे पत्रे घातलेलं स्वयंपाकघर. अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. यशवंतने चपला काढल्या, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि पाहुण्याला द्यावा तसा माझ्यापुढे धरला. मी नको म्हणालो. तो तांब्या तसाच हातात धरून माझ्या मागे उभा राहिला.

"थंय," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता, अर्धा सरकलेला. आत उजेड कमी होता. गॅसची शेगडी, भिंतीला टेकवलेला पाट, वर दोरीवर टॉवेल. एवढं मी एक एक करून बघितलं, मुद्दाम, वस्तू मोजाव्यात तसं. मग पडद्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय दिसला. खुर्चीवरून खाली आलेला साडीचा काठ दिसला. मी नजर वर नेली तेव्हा जिथे तोंड असायला हवं तिथे गळा होता.

गळा हलत होता. अगदी थोडा, दमलेल्या माणसाचा हलतो तसा.

पत्र्यावर काहीतरी वाजलं, फांदी असेल. मी तिथून पळून जाऊ शकलो असतो. माझी गाडी बाहेरच होती. पण मागे यशवंत उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता, एकेचाळीस किलोच्या माणसाचा.

"पुरे," मी म्हणालो.

मी पुन्हा म्हणालो, "पुरे, सुलोचनाबाई. मान खाली घ्या."

खुर्ची करकरली. गळा गेला आणि त्याच्या जागी केसांचा भांग आला. मी ताबडतोब खाली जमिनीकडे बघायला लागलो. तिथे पिवळ्या फरशीवर कडेचा तुकडा तुटलेला होता, तो मला आजही जसाच्या तसा आठवतो.

"मगे," आवाज आला. नाकातून, ओढत, संध्याकाळचा. "काय सापडलां, डॉक्टर?"

प्रत्येक पेशंट हेच विचारतो. चाचणी झाली, आता सांगा. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तोंड चुकवलं असतं, मला ते जमतं. ती साधं उत्तर मागत होती आणि श्रावणापासून त्यासाठी थांबली होती.

मी सांगितलं. तिला काय झालं होतं ते सांगितलं. तिने जे जे सांगितलं होतं त्यावरून ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, हे सांगितलं. बर्फ नव्हता, पण माणूस पाठवून कुठूनही आणता आला असता, हेही. मी गॅलरीत गणपतीच्या दिवसांवरून बोलत होतो. तुम्हाला डोळे मिटून बसलेलं बघितलं आणि झोपलात असं समजलो. एक गोळी होती, छोटी, कोणत्याही दुकानात मिळणारी, तासाभरात तुम्हाला घास चावता आला असता. पुढे आणखी औषधं लागली असती, पण तुम्ही जगला असतात. हा आजार बरा ठेवता येतो. यशवंतने काही केलं नाही. तो मी सांगितलं तेच बोलला आणि तुम्हाला भरवत होता. जे केलं ते मी केलं.

बोलता बोलता मी रडत होतो. ते मला आधी कळलंच नाही.

खोलीत काही हललं नाही. मग माझ्या मागे आवाज झाला. यशवंतने तांब्या तोंडाला लावला होता. गटकन एक घोट खाली गेला, मग दुसरा, मग थांबेचना. पाणी गळ्यातून उतरताना इतका मोठा आवाज होतो हे मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तांब्या संपवून त्याने तो दारात ठेवला. माझ्या बाजूने, मला न शिवता, तो बाहेर अंगणात गेला आणि सुपाऱ्या गोळा करायला लागला. एकदाही त्याने मागे बघितलं नाही. त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मी एकटा पडद्याशी उरलो. मला वाटलं, झालं. आता निघावं. मी एक पाऊल मागे घेतलं.

"मगे," आतून तोच आवाज आला, तितकाच थकलेला, तितकाच साधा. "काय सापडलां, डॉक्टर?"

बाहेर अजून उजेड होता. यशवंत सुपाऱ्या पाटीत टाकत होता. मी ते पाऊल परत पुढे घेतलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.